वादळ पाहायला निघताय? आधी वायपर बदला

एप्रिल अर्धा उलटला की नागपुरात दुपारी तीनच्या सुमारास दोन प्रकारची माणसं दिसतात. पहिली, कूलरमध्ये पाणी भरून पुन्हा आडवी होणारी. दुसरी, भर उन्हात गच्चीवर जाऊन कळमेश्वर-काटोलच्या बाजूला फुलकोबीसारखं काही वर येतंय का ते पाहणारी. हा लेख दुसऱ्यांसाठी. त्यातही जे यंदा पहिल्यांदाच गाडीची किल्ली उचलायच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी.

वादळांच्या मागे गाडी घेऊन फिरण्याचा नाद मूळचा अमेरिकेतला. नॉर्थ डाकोटातल्या डेव्हिड होडली यांनी १९५६ साली हे सुरू केलं आणि पुढे दशकानुदशकं चालवलं. आज आपल्याला व्हिडिओत दिसतात त्या गाड्या मात्र वेगळ्याच असतात. शॉन केसी यांनी पोलादी पत्र्यात मढवलेली ‘टीआयव्ही’, रीड टिमर यांची ‘डॉमिनेटर’. त्या पाहून नवा माणूस विचारतो, “कॅमेरा कोणता घेऊ? छतावर काय बसवू?” मी त्याला टायर दाखवायला सांगतो. चिडतात लोक.

पण आपला मुलूख तसा नाही. तिकडे सपाट मैदान आणि चौकटीच्या वहीसारखे रस्ते. इकडे काळी माती, पांदण रस्ते, रस्त्याच्या दोन्ही कडांना झाडं, आणि झाडांमधून गेलेल्या विजेच्या तारा. वादळही वेगळं. तिकडच्यासारखा टोर्नेडो आपल्याकडे क्वचितच होतो. आपल्याला भेटतं ते मार्च ते जूनमधलं अवकाळी: खेड्यात ज्याला वावधन म्हणतात तो सोसाट्याचा वारा, विजा आणि गारा. वायव्येकडून कोरडी हवा, बंगालच्या उपसागराकडून दमट हवा, खाली भाजलेली जमीन, एवढं जमलं की दुपारनंतर ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो आणि माथ्यावर लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीनं महाराष्ट्राचं काय केलं, ते काटोल-नरखेडच्या संत्रावाल्यांना वेगळं सांगायला नको.

तेव्हा आपली गाडी सजवायची ती ढगापासून आठ-दहा किलोमीटर दूर राहता यावं आणि तिथून वेळेत निघता यावं यासाठी. खालचा सगळा क्रम त्याच हिशोबानं लावला आहे. खर्चही त्याच क्रमानं करा. पैसे संपले तर शेवटचं राहू द्या, पहिलं नको.

पायरी १: टायर, वायपर, काच

नागपूरचा उन्हाळा वायपरचं रबर खाऊन टाकतो. मार्चपासून वाढत पंचेचाळीसच्या आसपास जाणाऱ्या उन्हात उभी राहिलेली गाडी मे महिन्यात पहिल्या पावसात वायपर फिरवते तेव्हा काचेवर नुसते ओरखडे आणि चिखलाची साय उरते. अवकाळीचा पहिला थेंब धुळीचाच असतो. म्हणून वायपर दर वर्षी मार्चमध्ये बदलायचे, चांगले दिसत असले तरी. काच धुवायच्या टाकीत नुसतं पाणी नको, काचेचा साबण घाला.

टायरच्या खाचांमध्ये तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की खाच १.६ मिमी उरली. कायद्याची मर्यादा तीच. पण ओल्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगानं पाणी कापायला ती पुरत नाही. ३ मिमीच्या खाली गेला की मी टायर बदलतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. स्टेपनीची पण. स्टेपनीत हवा नाही हे कळण्याची जागा कोंढाळीच्या पुढचा अंधार ही नसावी.

काचेवर काळी फिल्म असेल तर काढा. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ सालीच तिला मनाई केली आहे. आणि संध्याकाळी साडेसहाला ढगाखालचा अंधार आधीच इतका असतो की त्यात आणखी भर नको. आतून काचेवर वाफ धरते तेव्हा एसी चालू करून हवा समोरच्या काचेवर सोडायची. हे बटण कुठे आहे ते आजच पाहून ठेवा.

पायरी २: वीज

या पायरीवर मी सर्वात जास्त पैसे वाया घालवले, म्हणून इथे जरा थांबतो.

सुरुवातीला मला वाटलं की लॅपटॉप चालवायचा तर इन्व्हर्टर हवाच. ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियननं तो हेडलाइटच्या वायरवरून जोडून दिला, मध्ये फ्यूज न घालता. तिसऱ्याच फेरीला बाजारगावच्या पुढे डॅशबोर्डखालून जळका वास आला. गाडी थांबवून बोनेट उघडलं तर वायरचं आवरण वितळून खाली ठिबकत होतं. मागे ढग मस्त उभा होता, आणि मी पान्यानं बॅटरीचं टोक सोडवत होतो.

आता हिशोब करून चालतो. तुम्हीही कागदावर मांडा. रडार पाहायचा फोन १५ वॉट, दुसरा फोन किंवा टॅबलेट २०, डॅशकॅम ५, लॅपटॉप खरंच नेणार असाल तर ६०. बेरीज १०० वॉट. बारा व्होल्टवर म्हणजे साधारण आठ-नऊ अँपिअर. गाडीच्या लायटर सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० ते १५ अँपिअरचा असतो, म्हणजे एवढा भार कसाबसा त्यात बसतो. त्याच सॉकेटला ३०० वॉटचा इन्व्हर्टर लावून पूर्ण भार टाकला की २५ अँपिअरच्या वर मागणी जाते, आणि फ्यूज उडतो. उडाला तर नशीब. नाही उडाला तर माझ्यासारखं होतं.

म्हणून पहिला सल्ला: इन्व्हर्टर घेऊच नका. आजचे बहुतेक लॅपटॉप टाइप-सी वर चार्ज होतात. चांगल्या कंपनीचा ६० ते १०० वॉटचा कार चार्जर सीताबर्डीत कुठेही मिळेल. वीज बारा व्होल्टवरून २३० ला चढवायची आणि पुन्हा वीसला उतरवायची, यात नुसती उष्णता होते. ती नागपुरात फुकट मिळते.

वेगळं सर्किट काढायचंच असेल तर थेट बॅटरीच्या धन टोकावरून जाड वायर घ्या आणि टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज बसवा. फ्यूज उपकरणाजवळ लावून उपयोग नाही. मधली वायर बोनेटच्या पत्र्याला घासून उघडी पडली तर आग बॅटरी आणि फ्यूज यांच्यामध्ये लागते. पत्र्यातून वायर आत घेताना भोकाला रबरी कडी घाला.

इंजिन बंद ठेवून किती वेळ बसता येईल? छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. त्यातली निम्मी वापरली तरी गाडी पुन्हा सुरू व्हायला कुरकुरते. सात अँपिअरचा भार असेल तर दोन-अडीच तास, बॅटरी नवी असेल तर. जुनी असेल तर तासाभरातच इंजिन चालू करा. आणि वादळ पाच किलोमीटरच्या आत आलं की इंजिन चालूच ठेवा. पेट्रोल वाचवायची वेळ ती नव्हे.

पॉवरबँकबद्दल एकच: ती डॅशबोर्डवर ठेवायची नाही. बंद गाडीत मे महिन्यात आतलं तापमान साठीला टेकतं. लिथियमला ते मानवत नाही, फुगते. सीटखाली सावलीत ठेवा, गाडी उभी करून जाताना बरोबर न्या.

पायरी ३: पडदे आणि रडार

फोन कुठे लावायचा, हा नागपुरात तापमानाचा प्रश्न आहे. काचेला चिकटणारा रबरी स्टँड मे महिन्यात पकड सोडतो आणि नेमका वळणावर मांडीत पडतो. डॅशबोर्डवर चिकटवायचा गोंद पातळ होतो. आणि उन्हात तापलेला फोन ‘थंड होऊ द्या’ असं सांगून बंद पडतो. उपाय साधा आहे. एसीच्या जाळीत अडकणारा स्टँड घ्या. फोन थंड राहतो, आणि समोरच्या काचेतून दिसणाऱ्या आभाळाला आडवाही येत नाही.

पडदे दोनच. एक रस्त्याचा, चालकासमोर. दुसरा रडारचा, बाजूच्या माणसाच्या हातात. रडार चालकाला दिसताच कामा नये, असा तो ठेवा. एकटं जायचं असेल तर गाडी थांबवून पाहा. खरं तर एकटं जाऊच नका.

नागपूरकरांचं एक भाग्य आहे. हवामान विभागाचं डॉप्लर रडार आपल्याच शहरात आहे, आणि विदर्भ, मध्य प्रदेश, छत्तीसगडसाठीचं प्रादेशिक हवामान केंद्रही इथेच. रडारची चित्रं विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. त्यात पिवळ्याकडून लालकडे जाणारे रंग म्हणजे परतणारा प्रतिध्वनी वाढतोय. तो डीबीझेड या एककात मोजतात. ५० डीबीझेडच्या वर गेला की मुसळधार पाऊस, आणि ६० च्या आसपास असेल तर गारांची शंका धरायची. रडारच्या अगदी डोक्यावरचा ढग त्याला नीट दिसत नाही, हेही लक्षात असू द्या. ढग शहरावर आला की रडारपेक्षा खिडकीवर विश्वास ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चित्राची वेळ. तुमच्या हातात येईपर्यंत ते दहा-पंधरा मिनिटं जुनं झालेलं असतं. ढग ताशी ४० किलोमीटरनं सरकत असेल तर पंधरा मिनिटांत तो दहा किलोमीटर पुढे गेला. चित्रात काटोलवर असलेला लाल ठिपका खरा कुठे आहे, हे तुम्हाला मनात सरकवून पाहावं लागतं. चित्राच्या कोपऱ्यातली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असेल तर साडेपाच तास मिळवायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो आणि आदल्या रात्रीच्या ढगाच्या मागे संध्याकाळी गेलो होतो.

फोनमध्ये तीन गोष्टी हव्यात. हवामान विभागाचं ‘मौसम’ ॲप, त्यात पुढच्या तीन तासांचे तात्कालिक इशारे पिवळा-नारिंगी-लाल रंगांत येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’, ते तुमच्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात पडणाऱ्या विजा दाखवतं. आणि संपूर्ण नागपूर, वर्धा, अमरावती, भंडारा जिल्ह्यांचे नकाशे आधीच उतरवून ठेवलेले, इंटरनेटशिवाय चालणारे. वादळात टॉवरची वीज गेली की डेटा सर्वात आधी जातो. म्हणून गाडीत दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा, आणि कागदी नकाशाची एक घडी पण. हसू नका, ती चार्ज करावी लागत नाही.

पायरी ४: घरचा माणूस, मग रेडिओ

आमच्या गाडीचं सर्वात उपयोगी उपकरण मनीषनगरात राहतं. माझा मावसभाऊ. तो घरच्या वाय-फायवर मोठ्या पडद्यावर रडार उघडून बसतो आणि आम्ही डेटाबाहेर गेलो की एसएमएस करतो: “तुमच्या वायव्येला नवा. दक्षिणेला सरका.” डेटा नसताना एसएमएस बऱ्याचदा पोचतो. निघताना त्याला रस्ता सांगायचा, आणि परतायची वेळही. त्या वेळेला आमचा फोन आला नाही तर पुढे कोणाला कळवायचं, हे त्याच्याकडे लिहिलेलं आहे. ११२ हा आणीबाणीचा, १०८ रुग्णवाहिकेचा, १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा. हे आकडे गाडीतही कागदावर चिकटवा.

रेडिओ हवा असेल तर हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढा. केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते, बाराव्या वर्षापासून देता येते. खालच्या श्रेणीला व्हीयू३ पासून सुरू होणारं नाव मिळतं, वरच्या श्रेणीला व्हीयू२. १४५ मेगाहर्ट्झसाठी छतावर चुंबकानं बसणारी अर्ध्या मीटरची साधी काडी पुरते. परवान्याशिवाय ऑनलाइन स्वस्तात मिळणारे वॉकीटॉकी घेऊन फिरू नका. उपग्रहावरून संदेश पाठवणारी परदेशी यंत्रंही आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, मग ती मित्रानं कितीही प्रेमानं भेट दिलेली असोत.

आणि विजा जवळ आल्या की अँटेनाची पिन रेडिओतून काढायची. ती काडी छताच्या वर आहे आणि तिची वायर तुमच्या मांडीपर्यंत येते.

पायरी ५: मोजायची यंत्रं

हौस म्हणून हा भाग मला सर्वात आवडतो. गरज म्हणून मात्र याचा नंबर पाचवाच. अमेरिकेत १९९४ साली ‘व्होर्टेक्स’ या मोहिमेत संशोधकांनी साध्या मोटारींच्या छतावर कमानी बसवून त्यावर तापमान, दमटपणा, दाब आणि वारा मोजणारी यंत्रं लावली. आपण तेवढं करू नये. छतावर कायमची चौकट बसवली की गाडीत फेरफार केल्याचा प्रश्न आरटीओत निघतो. आणि चालत्या गाडीत वाऱ्याचा आकडा गाडीच्या वेगात मिसळतो, तो वेगळा काढणं नवख्याचं काम नाही.

हातात धरायचा वारामापक घ्या. गाडी थांबवून, दार उघडून, गाडीच्या वाऱ्याकडच्या बाजूला उभं राहून हात उंच करून मोजायचं. पण फक्त विजा दूर असताना. तापमानासाठी गाडीच्या पडद्यावरचा आकडा पाहू नका. त्याचा संवेदक बंपरमागे असतो, तो रस्त्याची आणि इंजिनची धग मोजतो. त्याऐवजी वेगळा तापमापक, आणि त्याला ऊन लागू नये म्हणून आवरण. माझं घरी केलेलं आहे: कुंड्यांखाली ठेवायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या सहा ताटल्या, मधल्यांना मोठी भोकं, लांब बोल्टवर बोटभर अंतर ठेवून एकावर एक. आत डिजिटल तापमापकाचं टोक. ऊन आत येत नाही, वारा येतो. थांबलो की ते छताच्या कॅरिअरला अडकवतो, निघताना काढून घेतो.

दाबासाठी अनेक फोनमध्ये संवेदक असतोच. फक्त चालत्या गाडीतला दाब वाचू नका. आठ-साडेआठ मीटर चढलं की दाब एक हेक्टोपास्कलनं घटतो, म्हणजे एखादा पूल चढलात तरी काटा हलतो. एका जागी उभं राहून दर पाच मिनिटांनी वहीत लिहा. ढगातून कोसळलेली थंड हवा जमिनीवर पसरत येते तेव्हा वारा दिशा बदलतो, तापमान धाडकन उतरतं आणि दाब थोडा चढतो. माझ्या वहीत एका मेच्या नोंदी आहेत: ५ वाजता ४२ अंश, ५.१५ ला २८. खाली वाकड्या अक्षरात ‘निघा’.

पायरी ६: गारा

समोरची काच दोन थरांची, मध्ये पातळ पापुद्रा असलेली असते. तडकते, पण बहुधा आत कोसळत नाही. बाजूच्या आणि मागच्या काचा कडक केलेल्या एकेरी. त्या फुटल्या की साबुदाण्यासारखा चुरा आत. म्हणून गारांत सापडलाच तर वेग कमी करा, सुरक्षित जागा पाहून थांबा आणि गाडीचं तोंड गारा येतात त्या दिशेला करा. काचेकडे पाठ, डोक्यावर काहीतरी.

ते काहीतरी म्हणजे काय, हे आधीच ठरवा. आमच्या मागच्या सीटवर दोन गोधड्या असतात, आजीच्या हातच्या, चार थरांच्या. प्रत्येकाला दुचाकीचं हेल्मेट, आणि वेल्डिंगच्या दुकानात मिळतो तो पारदर्शक गॉगल. अमेरिकेत काचेवर लोखंडी जाळी बसवतात. आपल्याकडे ती बसवून पोलिसांना काय सांगणार?

विमा आज काढून वाचा. नुसता थर्ड पार्टी असेल तर गारांचे खड्डे तुमच्या खिशातून. सर्वसमावेशक पॉलिसीत वादळ, गारा, वीज, पूर यांचं नुकसान येतं. पण इंजिनात पाणी शिरून ते बसलं तर बहुतेकदा वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं लागतं.

विजांबाबत: बंद काचांची पत्र्याची गाडी ही बरी जागा आहे, कारण वीज बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत उतरते. कापडी छताची जीप आणि दुचाकी ही तशी जागा नाही. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तिनानं भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आलं की कॅमेऱ्याची तिवई, वारामापक सगळं बाहेर राहिलं तरी चालेल, माणसं आत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास.

पायरी ७: काळ्या मातीची पेटी

दोन वर्षांपूर्वी काटोलच्या अलीकडे एका ढगाच्या खालचा भाग नीट दिसावा म्हणून मी डांबरी सोडून पांदणीत शिरलो. दोनशे मीटरच. पाऊस आमच्यावर पडलाच नाही, अर्ध्या तासापूर्वी तिथे पडून गेला होता. काळी माती वरून सुकल्यासारखी दिसते. टायरला ती अशी बसते की खाचा भरून चाक गुळगुळीत होतं, मग फेंडरमध्ये गोळा होऊन चाक अडतं. दुसरा ढग वायव्येला, गाडी धुऱ्याला टेकलेली. शेवटी एका काकांनी ट्रॅक्टर आणला. दोर बांधता बांधता म्हणाले, “आभाळ पाहाले आले भाऊ, मंग खालतं कोण पाहीन?” पैसे घेतले नाहीत. संत्री दिली वर.

तेव्हापासून नियम: डांबर सोडायचं नाही. आणि डिकीत एक पेटी कायम. गाडी ओढायचा पट्टा आणि तो अडकवायचा हुक (हुक कुठे लागतो ते मॅन्युअलमध्ये पाहा, बंपरला दोर बांधला तर बंपरच येतो), छोटं फावडं, चार गोणपाट चाकाखाली घालायला, हवा भरायचा पंप, जंप केबल, कुऱ्हाड नको पण हाताची करवत, कारण परतताना रस्त्यावर फांदी असतेच. डोक्याला लावायचा दिवा. परावर्तक त्रिकोण आणि जाकिटं. प्रथमोपचाराची पेटी, त्यात ओआरएसची पाकिटं, कारण ढग येईपर्यंत चार तास ऊनच खायचं असतं. माणशी चार लिटर पाणी. कांदा बरोबर ठेवायचा की नाही हे तुमच्या आईला विचारा.

पेटी पट्ट्यानं बांधा. जोरात ब्रेक मारला की मोकळं फावडं पुढच्या सीटवर येतं.

तार पडली असेल तर तिच्याजवळ जाऊ नका, करवत हातात असली तरी. तार गाडीवरच पडली तर आत बसून राहा आणि महावितरणला १९१२ वर कळवा.

पायरी ८: कॅमेरा

आता घ्या. डॅशकॅम आणि खिडकीच्या काचेवर बसणारी, तांदूळ भरलेली कापडी पिशवी. तिच्यावर कॅमेरा ठेवला की तिवईची गरज नाही आणि उतरायचीही नाही. लेन्स पुसायला जुना सुती पंचा. ड्रोन घरी ठेवा. नागपूरच्या विमानतळाभोवती मोठा भाग तसाही परवानगीविना बंद आहे, आणि वावधनात उडवलेला ड्रोन पुढच्या तालुक्यात सापडतो.

पायरी ९: उभं कुठे राहायचं

उन्हाळ्यातले ढग आपल्याकडे बहुतेक वेळा पश्चिम किंवा वायव्येकडून पूर्वेला सरकतात. म्हणून ढग वायव्येला ठेवून आपण आग्नेयेला, आणि दक्षिणेला पळता येईल असा रस्ता पायाशी. बुटीबोरीहून जाम-हिंगणघाटकडे जाणारा महामार्ग त्यासाठी बरा, उमरेड रोडही. समृद्धीवर जाऊ नका. ती वेगाची वाट आहे, तिथे वाटेत थांबून ढग पाहता येत नाही, आणि बाहेर पडायचे फाटे लांब लांब. रामटेकच्या गडावरून दृश्य अप्रतिम दिसतं, पण विजेच्या दिवशी टेकडीचा माथा ही शेवटची जागा.

थांबण्याआधी तीन गोष्टी पाहा: वर तार, बाजूला झाड, जवळ होर्डिंग. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली. पावसात पंपाच्या छताखाली शिरायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. वाऱ्यात ती मोडा. गाडीचं तोंड परतीच्या दिशेला, टाकी अर्ध्याच्या वर, आणि निघायचे दोन रस्ते बाजूच्या माणसाला तोंडपाठ.

दोन रस्ते का? ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमात एल रिनोजवळ टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग मारले गेले. समारस हौशी नव्हते, टोर्नेडोच्या वाटेत यंत्रं ठेवून मोजमाप करणारे सावध संशोधक होते. त्या दिवशी टोर्नेडो ४.२ किलोमीटरपर्यंत रुंदावला आणि त्यानं दिशा बदलली. ते होते एका साध्या छोट्या मोटारीत.

परतीचा रस्ता ठरवताना हेही धरा की ढग तुमच्या आधी शहरात पोचलेला असतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिमीहून जास्त पाऊस पडून अंबाझरी तलाव भरून वाहिला, तेव्हा नाग नदीकाठच्या वस्त्यांचं काय झालं ते आपण पाहिलंय. फूटभर वाहतं पाणीही छोटी गाडी उचलतं. नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखालून जायचा मोह टाळा. रिंगरोडला कुठे तरी चहा घ्या, तासभर थांबा.

पायरी १०: कोरडी तालीम

आभाळ निरभ्र असताना एका रविवारी सगळं लादून उमरेड रोडला जा. गाडी उभी करा, इंजिन बंद, सगळी यंत्रं चालू, दोन तास. काय तापतं, कोणती वायर गिअरमध्ये अडकते, बॅटरी किती उतरते, हे वहीत लिहा. मग घड्याळ लावा आणि “निघा” म्हणा. बाहेर मांडलेलं सगळं आत, दारं बंद, पट्टे लागलेले, चाक हललेलं. हे एका मिनिटात झालं पाहिजे. आमच्या पहिल्या तालमीला चार मिनिटं दहा सेकंद लागली होती. तिवईचा पाय मागच्या सीटबेल्टमध्ये अडकला होता, आणि मावसभावाला गाडीत बसलेल्या तिघांपैकी कोणीच फोन केला नव्हता.